सगळ्यांत आधी काढलं

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही. माझ्यावर बसला असाल, दमलेले पाय पसरले असतील, बुटाची नाडी बांधायला माझा आधार घेतला असेल. पण मला पाहिलेले नाही. माझ्यासमोरच्या भिंतीवर चित्रे असतात. माणूस चित्राकडे तोंड करतो आणि माझ्याकडे पाठ. खरे सांगायचे तर पाठीच्याही खालचा भाग. मी चित्रसंग्रहालयातला बाक आहे. लाकडी आहे, जुना आहे आणि मला टेकायला पाठ नाही. शिवाय माझा स्वभाव मत्सरी आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. संग्रहालयाने त्याला काही बाक आणि चित्रांसाठी काही चौकटी सांगितल्या होत्या. एकाच ओंडक्याच्या फळ्या पडल्या. जाड, गाठीची फळी माझ्या वाट्याला आली. पातळ, सरळ रेषांची फळी एका चौकटीसाठी गेली. ती माझी सख्खी बहीण. सुताराने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही भिंतीवर शोभेल." मग मला दोनदा थोपटून म्हणाला, "आणि हा माणसं पेलेल." तिने शोभायचे आणि मी पेलायचे. तिला वेलबुट्टी कोरली, वर सोनेरी मुलामा दिला. मला रंधा मारला आणि वॉर्निशचा हात दिला. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागले ते अजून थांबलेले नाही.

माझी पहिली नेमणूक सर्वांत जुन्या चित्रांच्या दालनात झाली. तिथे सोनेरी रंगावर काढलेली लांबट चेहऱ्यांची माणसे होती, हातापायांनी कडक आणि डोळ्यांनी मोठी. ती काढणाऱ्यांची नावे कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दालनात लोक आपोआप हळू बोलत आणि खोलीत कुणी वडीलधारे असावे तसे माझ्या कडेला टेकत. एकदा एक आई लेकाला घेऊन आली. तो म्हणाला, "आई, याच्या डोक्यामागे ताट का लावलंय?"

"हळू बोल. ते तेज आहे."

पोराने बराच विचार केला. "मग रोज घासत असतील," तो म्हणाला. आई खुदकन हसली आणि मग कुठे माझ्यावर अंग सैल सोडून बसली. दोघांनी त्या ताटाकडे खूप वेळ पाहिले. ज्याच्यावर ते बसले होते त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

मग मला थोरामोठ्यांच्या दालनात हलवले. मखमली कोट, हातात हातमोजे, पायाशी एक कुत्रा, आणि चेहऱ्यावर भाव असा की दालनाचे भाडे तेच भरतात. एकदा एक दातांचे डॉक्टर तिथे बसले. सगळे लोक त्या कोटाची मखमल पाहत होते, डॉक्टर मात्र बायकोला म्हणाले, "या गृहस्थांची खालची दाढ दुखतेय. गाल कसा धरलाय बघ. चित्र पुरं होईपर्यंत असेच उभे राहिले असतील बिचारे." शेजारी फळांचे एक काळपट चित्र होते. त्यात अर्धवट सोललेले एक लिंबू होते. एक आजी ते पाहून बेचैन व्हायच्या. "अर्धं सोलून कोण ठेवतं? सुकणार ते." पुन्हा आल्या की आधी लिंबाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "अजून तसंच." शेकडो वर्षांपूर्वीच्या लिंबाची त्यांना काळजी होती. माझा एक पाय तेव्हा डुगडुगत होता, त्याची काळजी त्यांना नव्हती. खरे तर त्या त्याच पायावर बसत होत्या.

पाय बसवून घेतल्यावर मला नव्या चित्रांच्या दालनात आणले. तिथे एक भलेमोठे चित्र नुसते निळे आहे. लोक त्याच्यासमोर येतात आणि म्हणतात, "हे तर आमची नातसुद्धा काढेल." हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, पण अजून एकाही नातीने येऊन काढून दाखवलेले नाही. मी त्या निळ्याची बाजू घेतो आहे असे समजू नका. मला तेही आवडत नाही. एक बसचालक पाळी संपली की त्याच्यासमोर येऊन बसायचा. रखवालदारबाईंनी त्याला विचारले, "एवढं काय दिसतं हो यात?" तो म्हणाला, "काही नाही. तेच बरं वाटतं. समोर कुणी आडवं येत नाही."

रखवालदारबाई म्हणजे आमचे दालन सांभाळणाऱ्या. त्यांची खुर्ची दाराशी असते. तिला पाठ आहे, हात आहेत, वर एक उशीही आहे. त्या खुर्चीबद्दल मी काही बोलत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी बहीण, ती चौकट, बरीच वर्षे कोठीतच पडून होती. तिच्या मापाचे चित्र मिळत नव्हते. मला फार बरे वाटत असे. मी निदान माणसांत होतो. मग एके दिवशी चार माणसे तिला मिरवत माझ्या दालनात घेऊन आली आणि माझ्या थेट समोर टांगली. आत एक चित्र होते. त्याचे नाव 'घडी'.

चित्रात एक तरुण मुलगी धुतलेल्या चादरीची घडी घालते आहे. ती मधोमध उभी आहे. खिडकीतले ऊन चादरीवर पडले आहे. चादरीची दोन टोके तिच्या हातात आहेत आणि दुसरी दोन टोके डाव्या कडेला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. ते कोण, ते दिसत नाही. मनगटाशी चित्र संपते आणि माझी बहीण सुरू होते. मुलगी मात्र त्या न दिसणाऱ्या माणसाकडे असे पाहते आहे, असे पाहते आहे की लोकांनी बघतच राहावे.

आणि लोक बघतच राहिले. कुणी म्हणे, समोर तिचा प्रियकर आहे. कुणी म्हणे, लग्न होऊन चाललेली मैत्रीण आहे. एक मास्तर विद्यार्थ्यांना सांगत, "प्रेमाने पाहणं कसं असतं ते या डोळ्यांत बघा." त्या कडेच्या हातांकडे मात्र लोक जरा नापसंतीने बघत. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. "एवढा मोठा चित्रकार, पण करंगळी चुकली," असे ते म्हणत. मला समाधान वाटे. तेवढीच एक नाव ठेवायला जागा होती. पण शेवटी सगळे म्हणत, "आणि चौकट किती शोभते नाही?" आणि माझे समाधान तिथेच संपे.

लोक चित्राबद्दल तोंडाने काय बोलतात त्यावर जाऊ नका. ते माझ्यावर कसे बसतात ते मला विचारा. आवडलेले चित्र समोर असले की माणूस जड होतो. कंटाळा आला की तो सारखे बूड हलवतो. आणि एक बाई यायच्या, त्या यातल्या कशातच बसत नव्हत्या. पांढरे केस, हातात कापडी पिशवी. त्या नेहमी माझ्या डाव्या टोकाला बसायच्या, अगदी कडेला. अंग आवळून, दोन्ही हात पिशवीखाली दडवून, चित्राकडे एकटक बघत. ते बसणे माझ्या ओळखीचे होते. मी स्वतः माझ्या बहिणीकडे असाच बघत आलो आहे. ही बाई त्या चित्रावर जळत होती.

रखवालदारबाईंना राहवले नाही. एका सकाळी दालन रिकामे होते, तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, "एवढ्या वेळा येता. फार आवडतं का हे चित्र?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "ती माझी धाकटी बहीण आहे."

मग त्यांनी सांगितले. चित्रकार त्यांचा मामा. सुट्टीत दोघी बहिणी त्याच्याकडे राहायला गेल्या होत्या. त्याने दोघींना चादर धरून उभे केले. रोज सकाळी, खिडकीशी. चित्र पुरे होईपर्यंत बघायचे नाही, असा त्याचा नियम होता. सुट्टी संपली, दोघी घरी गेल्या. पुढे मामा अंथरुणाला खिळला आणि चित्र संग्रहालयाने नेले. थोरली, म्हणजे या बाई, नवा कपडा घालून ते बघायला आली. तर चित्रात धाकटी, चादर, ऊन, सगळे होते आणि तिचे नुसते दोन हात.

"सगळे दिवस मी उभी राहिले हो. ती सारखी चुळबुळ करायची, मी हलले नाही. मी तशीच मामाकडे गेले. दारातूनच विचारलं, मामा, माझं काय केलंस? तो डोळे मिटून पडला होता. म्हणाला, तुझं? तुझं तर सगळ्यांत आधी काढलं." थोरलीने पुन्हा चित्राकडे पाहिले. "सगळ्यांत आधी काढून टाकलं मला. असं तोंडावर सांगितलं."

"आणि बहीण?"

"ती म्हणाली, मामाला माझाच चेहरा आवडला, त्याला मी काय करू. मी पुन्हा मामाकडे गेले नाही. तो गेला तेव्हाही नाही. धाकटी म्हणाली, त्याने शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली, तू आली नाहीस, आता माझ्याशीही बोलू नकोस. मग मीही नाही बोलले." तिने पिशवीखालचे हात आणखी आत ओढले. "आता दोघी म्हाताऱ्या झालो. ती या गावातच राहते. कोणीतरी एक जाणार आणि दुसरी तशीच राहणार."

धाकटीही यायची, पण संध्याकाळी आणि नातवंडांना घेऊन. पहिल्यांदा आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने त्यांना सांगितले, "ही मी." नातवंडांनी चित्राकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि मोठा नातू समजुतीच्या स्वरात म्हणाला, "हो का?" शेजारी उभ्या असलेल्या दोन मुली त्या चेहऱ्यावर जीव टाकत होत्या. धाकटीला मात्र त्यांनी, "आजी, जरा बाजूला होता का," असे म्हटले. ती माझ्यावर बसली ती धपकन. तिलाही हेवाच वाटत होता, आणि तोही कुणाचा, तर स्वतःच्या चेहऱ्याचा. जाताना ती दर वेळी चित्राच्या डाव्या कडेला जाऊन त्या दोन हातांजवळ जरा थांबायची.

अशी एक सकाळी आणि एक संध्याकाळी, दोघींचे वजन मी पेलत होतो. मी एकीची ऊब दुसरीपर्यंत पोचवू शकत नव्हतो. लाकूड इतका वेळ ऊब धरत नाही.

मग चित्राचा रंग एका कोपऱ्यात सुटू लागला. चित्रे दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी भिंग लावून पाहिले आणि 'घडी' उतरवून आपल्या कामाच्या खोलीत नेली. माझी बहीणही गेली. भिंतीवर फिकट चौकोन आणि एक खिळा उरला. संग्रहालयाच्या साहेबांनी तिथे पाटी लावली: 'या ठिकाणचे चित्र काढले आहे.'

मित्रांनो, मला वाटले की आता तरी समोर काही नाही, आता लोक इकडे तिकडे बघतील आणि मग मी दिसेन. पण कसचे काय. एक जोडपे आले. नवऱ्याने पाटी वाचली आणि भिंतीकडे पाहिले.

"काढलंय म्हणतात. कुठंय?"

"अहो, तेच तर," बायको म्हणाली. "नव्या पद्धतीचं असणार. या दालनात सगळं असंच आहे. बसा आणि नीट बघा."

दोघे माझ्यावर बसले आणि रिकाम्या भिंतीकडे बघू लागले. ते बघतात म्हणून आणखी चौघे थांबले. एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले की तो खिळा म्हणजे माणसाचे एकटेपण आहे. आता मात्र कहर झाला. चित्रांचा मत्सर मी समजू शकतो. पण मला भिंतीचाही मत्सर करायला लावला या लोकांनी.

तेवढ्यात थोरली आली. तिने गर्दी पाहिली, पाटी पाहिली. "हे लोक काय बघताहेत?" तिने विचारले.

रखवालदारबाई वैतागल्या होत्या. "पाटी वाचून बसलेत. काढलंय म्हणजे रंगवलंय असं वाटतंय सगळ्यांना. सकाळपासून सांगून सांगून तोंड दुखलं. अहो, काढलंय म्हणजे उतरवलंय, नेलंय."

थोरली हसली. तिचे हसू मी पहिल्यांदाच अनुभवले, सगळा बाक हलला. आणि हसता हसताच ती थांबली.

"काढलं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "काढलं म्हणजे रंगवलं."

"नाही हो, उलटं. काढलं म्हणजे उतरवलं."

"तुमच्या पाटीवर," थोरली म्हणाली. "पण मामा चित्रकार होता. त्याच्या तोंडी काढलं म्हणजे काय असणार?"

रखवालदारबाईंना काही कळले नाही. मला कळले. तुझं तर सगळ्यांत आधी काढलं. एवढ्या एका शब्दावर हिने मामा सोडला होता आणि बहीण सोडली होती. आणि तो शब्द तिने उलटा ऐकला असेल तर? लोक उठून गेले, दुसरे आले, तेही भिंत बघून गेले, थोरली तशीच बसून राहिली. ती त्या दिवशी कडेला नव्हती. ती माझ्या मधोमध बसली होती, कारण आपण कुठे बसलो आहोत याचे भान तिला नव्हते.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. चित्र बघू द्या, म्हणून तिने साहेबांना विचारले. काम चालू आहे, बघता येणार नाही, असे उत्तर आले. ती रिकाम्या भिंतीसमोर बसायची. रखवालदारबाई तिला चहा द्यायच्या आणि मला कपाचे एक वर्तुळ मिळायचे. ते अजून आहे.

शेवटी दुरुस्तीवाल्या बाई मोजपट्टी घेऊन दालनात आल्या. भिंत मोजू लागल्या. रखवालदारबाईंनी विचारले, "आता भिंत कशाला मोजता?"

"पुरेल की नाही ते बघतेय. चित्र रुंद झालंय."

"असं कसं होईल? कापड धुतलं की आटतं, वाढत नाही."

त्या हसल्या. "मामला वेगळाच आहे. त्या वेळी चित्र आलं आणि तयार चौकट हीच होती. लहान. उद्घाटनाची घाई असणार. मग कुणीतरी चित्राची डावीकडची बाजू मागे दुमडली आणि लाकडी पट्टीला खिळे ठोकून टाकले. मुलगी छान मधोमध आली, सगळे खूश. चित्राचीच घडी घातलीय हो. मी मागचे खिळे काढले तर आत अख्खी दुसरी मुलगी उभी."

माझ्यावर बसलेल्या थोरलीचा हात तोंडावर गेला. उघडा हात. दुरुस्तीवाल्या बाईंचे लक्ष त्या हाताकडे गेले आणि त्या मोजपट्टी तशीच भिंतीला लावून थांबल्या. ती करंगळी त्यांनी कितीतरी दिवस भिंगातून पाहिली होती. त्या जवळ आल्या आणि माझ्यापुढे जमिनीवरच बसल्या.

"तुमचा हात बघू?"

थोरलीने हात पुढे केला. आयुष्यभर ती करंगळी तिने पिशवीखाली, टेबलाखाली, कुठे कुठे लपवली होती. चित्रकाराची चूक म्हणून लोक जिला हसत होते, ती हीच होती. मामाने ती जशी होती तशी काढली होती.

"तिला घाईत उरकलंय का हो?" थोरलीने विचारले.

"उलट. सगळ्यांत आधी तिलाच रंगवलंय. चादरीचा पांढरा तिच्या बोटांवर नंतर चढलाय, म्हणून कळतं. मधोमध दिसायची ती मुलगी मागाहून आली."

थोरली रडली. माझ्यावर पुष्कळ लोक रडले आहेत, बहुतेक जण चित्राकडे बघून. ही रिकाम्या भिंतीकडे बघून रडली. "मामा, मी आले नाही रे," एवढेच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. रखवालदारबाईंनी आपल्या खुर्चीवरची उशी आणून तिच्या पाठीशी धरली, कारण मला पाठ नाही. त्या क्षणी मला खुर्चीचा जितका हेवा वाटला तितका कधी वाटला नव्हता.

जाताना थोरली म्हणाली, "धाकटी संध्याकाळी नातवंडांना घेऊन येते, असं तुम्ही म्हणाला होतात ना? तिला सांगाल? म्हणावं, चित्र परत लावतील तेव्हा सकाळी ये. थोरलीने बोलावलंय."

संध्याकाळी रखवालदारबाईंनी निरोप दिला. धाकटीने दोनदा विचारले, "तिने बोलावलंय? नाव घेऊन?" आणि नातवंडांना न रागावता घरी घेऊन गेली.

चित्र परत आले, पण चौकटीशिवाय. माझी बहीण आता त्याला पुरत नव्हती. माणसांनी तिला आणले आणि जरा वेळ माझ्यावरच ठेवून दिले. ओंडक्यापासून वेगळे झाल्यावर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना टेकलो. मला वाटले होते, फार आनंद होईल. ती रिकामी होती आणि फार हलकी होती. तिचा मुलामा एका कोपऱ्यात गेला होता आणि आतून माझ्यासारखेच लाकूड दिसत होते. मग कोठीवाला आला आणि तिला घेऊन गेला.

दुसऱ्या सकाळी चित्रावर चादर टाकलेली होती. बरेच लोक जमले होते. थोरली माझ्या डाव्या टोकाला आणि धाकटी उजव्या टोकाला बसली होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. साहेबांनी चादर ओढली आणि माझ्यावर, त्या रिकाम्या जागेत टाकली.

आता चित्रात दोघी होत्या. थोरली उंच, जरा पुढे झुकलेली, ओठ मिटून हसू दाबणारी. तिच्या कानांत लांब डूल होते, खिडकीचे ऊन एका डुलावर अडकले होते. आणि धाकटी जिच्याकडे तसे पाहत होती, ती हीच होती. लोकांत कुजबूज झाली. मास्तर विद्यार्थ्यांना म्हणाले, "बघा, बहिणीवरचं प्रेम आहे ते."

धाकटी समोर बघतच म्हणाली, "कसलं प्रेम? मी तुझ्या डुलांकडे बघत होते. मला हवे होते ते. आईने तुलाच दिले."

थोरलीने मान वळवली. "म्हणून अशी बघत होतीस?"

"अशीच. मामा म्हणाला, हलू नकोस, हेच डोळे हवेत मला."

"एवढी वर्षं लोक त्या डोळ्यांवर जीव टाकताहेत."

"टाकू देत," धाकटी म्हणाली. मग ती थोरलीकडे वळली. "मामाने मला सांगितलं होतं, थोरलीचं आधी झालं, ती शहाणी आहे. मी तुला ते सांगितलं नाही. मला वाटलं, तुझंच सारखं कौतुक कशाला."

थोरलीने मान पुन्हा चित्राकडे वळवली. मला वाटले, संपले. मग तिने मधल्या चादरीकडे पाहिले. ती चुरगळून पडली होती. पडलेली चादर या बाईला बघवेना. तिने उठून दोन टोके धरली आणि म्हणाली, "धर."

धाकटीने दुसरी दोन टोके धरली. दोघी मागे सरकल्या, चादर ताणली, झटकली, अर्धी केली, जवळ आल्या, हातातली टोके एकमेकींच्या हातात दिली. थोरलीची वाकडी करंगळी धाकटीच्या बोटांत क्षणभर अडकली आणि तिथेच राहिली. आता हात लपवायला तिच्याजवळ पिशवी नव्हती.

लोकांना कळले. एकेक जण वळला. मास्तर वळले, विद्यार्थी वळले, साहेब वळले. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांची पाठ चित्राकडे होती आणि तोंडे माझ्याकडे. ती माझ्यासाठी नव्हती, हे मला माहीत आहे. तरी मी ते मोजून घेतले.

घडी घातलेली चादर थोरलीने माझ्यावर ठेवली. मग दोघी पुन्हा बसल्या, मधली जागा न सोडता.

आता चित्र रुंद झाल्याने लोकांना लांबून बघावे लागते. म्हणून मला मागच्या भिंतीशी सरकवले आहे, जिथे उजेड कमी असतो. माझे वॉर्निश गेले आहे. 'घडी'चे कौतुक पूर्वीपेक्षा दुप्पट होते आणि माझा जळफळाटही दुप्पट होतो. स्वभाव जात नाही.

पण माझे एक मागणे आहे. कुणी तुम्हाला लागेल असे बोलले तर एकदा परत विचारा, म्हणजे काय? दारातूनच परत फिरू नका, आत जा आणि विचारा. आणि कधी संग्रहालयात आलात तर तुमचे वजन बिनधास्त माझ्यावर टाका, त्यासाठीच मला केले आहे. मला पुसले नाही तरी चालेल.

फक्त कोठीवाल्याला माझा एक निरोप द्या. मागच्या भिंतीला टेकून एक जुनी सोनेरी चौकट उभी आहे, रिकामी. तिच्या मापाचे एखादे चित्र कुठेतरी असेलच. कोठी आवरायला घ्याल तेव्हा तिला सगळ्यांत आधी काढा.